घडा, मुकुट आणि भंगार

आमच्या भागात देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की पहिली पावती फाडली जाते ती फरशीची. मग ग्रॅनाइट येतं, स्टीलचे कठडे येतात, गाभाऱ्याच्या काळ्या दगडी चौकटीवर ऑइलपेंटचा हात फिरतो. उद्घाटनाला पंगती उठतात, देणगीदारांच्या नावांची पाटी लागते, आणि येणारा जाणारा म्हणतो, "देऊळ कसं नव्यासारखं झालं." जीर्ण होतं ते गेलं, हे खरंच. उद्धार कशाचा झाला, हे कुणी विचारत नाही. उलट बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली उभारलेली. छताचं दगडी कमळ आजही मान वर करून बघावं असं आहे. ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळं तिथं फरशी घालायची कुणाची छाती नाही. एका ठिकाणी सगळंच बदलून टाकतात, दुसऱ्या ठिकाणी काहीच बदलू देत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या घरातल्या जुन्या वस्तू असतात. माळ्यावरचं शिलाई मशीन, परसातला तांब्याचा बंब, पडवीतला पाळणा. त्यांच्यासाठी ना खातं असतं, ना ट्रस्ट. त्यांचं काय करायचं, ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे ती होती तशी ठेवायची, की ती चालती ठेवायची? आणि चालती ठेवताना तिच्यात किती बदल केला म्हणजे ती तीच राहते? हे प्रश्न ऐकायला पंडितांचे वाटतात. माझ्यापुढं ते आले निपाणीतल्या आमच्या तंबाखूच्या वखारीत, एका मोटारीच्या रूपात.

ही मोटार म्हणजे मारुती झेन. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, १९९७ साली घेतलेली. परदेशातला माणूस तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाही. चार माणसं बसतील एवढी, गोल अंगाची छोटी गाडी. खरं आमच्या रस्त्यांवर तेव्हा अँबॅसिडर आणि पद्मिनी होत्या, हे लक्षात घ्यावं लागतं. जपानच्या सुझुकीची सर्व्हो मोड नावाची गाडी होती, तिच्या सांगाड्यावर झेन बेतलेली. तिथं ६६० सीसीचं इंजिन, इथं १९९३ साली ती आली तेव्हा ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, सगळं अॅल्युमिनियमचं. वजन साडेसातशे किलोच्या आसपास, ताकद पन्नास अश्वशक्ती, पाच गिअर. हलक्या अंगाला एवढी ताकद पुष्कळ झाली. गुडगावात बनलेली हीच गाडी युरोपात सुझुकी अल्टो या नावानं विकली जायची. निपाणीच्या पोरांच्या लेखी ती रेसची गाडी होती. अण्णा कोल्हापूरला निघाले की वखारीतले हमाल हातातलं काम सोडून आवाज ऐकायचे.

२०११ साली अण्णा हृदयविकारानं गेले. गाडी वखारीच्या मागच्या शेडमध्ये लावली ती तिथंच राहिली. वापरली नाही तर वस्तू टिकते, असा आपला समज असतो. मोटारीच्या बाबतीत तो पार खोटा आहे. बारा वर्षांत टाकीतलं पेट्रोल आटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसला. ब्रेकचे सिलिंडर अडकून बसले. टायर एका जागी चपटे झाले आणि त्यांना भेगा गेल्या. उंदरांनी वायरिंग कुरतडलं. बॅटरीखालचा पत्रा, दारांचे खालचे काठ आणि पायपुसण्याखालची जमीन गंजानं खाल्ली. गालिचा उचलला तर खालची माती दिसत होती.

माझा भाचा बेळगावला इंजिनिअरिंग शिकला आणि उद्यमबागेत एका मशिनिंगच्या कारखान्यात लागला. २०२३ च्या पावसाळ्यापासून दर शनिवारी रात्री तो निपाणीला यायचा आणि रविवारचा दिवसभर शेडमध्ये असायचा. त्यानं इंजिन उतरवलं, डिझेलनं धुतलं. अॅल्युमिनियमचं इंजिन एकदा तापलं की हेड वाकतं. तसं ते वाकलेलं निघालं. उद्यमबागेत नेऊन त्याची पातळी घासून घेतली. गंजलेला पत्रा कापला, नवा वेल्डिंगनं बसवला, लांबी भरून घासला. हेडलाइटला रिले बसवले, म्हणजे जुन्या बारीक वायरीतून न जाता बॅटरीचा पूर्ण दाब दिव्याला मिळतो. एवढं होईपर्यंत घरात कुणाची तक्रार नव्हती. उलट वहिनी त्याला शेडमध्ये चहा नेऊन द्यायच्या. तक्रार सुरू झाली ती दुसरं इंजिन दारात आलं तेव्हा.

कोल्हापुरात भंगारात निघालेल्या एका एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन त्यानं घेतलं होतं. सुझुकीच्याच घराण्यातलं, थोड्या खटपटीनं झेनमध्ये बसणारं. देशभरातले हौशी लोक हे करत आलेत. पन्नासाच्या जागी पासष्ट अश्वशक्ती, पुढं आणखी काम केलं तर ऐंशीच्या घरात. शिवाय मोकळा सायलेन्सर, छोटं स्टेअरिंग आणि रुंद चाकं. "आत्ती, तू बघ की," तो मला म्हणाला, "बॉडी हीच ऱ्हाणार. आत ताकद तेवढी वाढवतोय." वहिनींना यातलं काहीच नको होतं. त्यांना गाडी होती तशी हवी होती. याच सुमारास शेडच्या भाड्याची चौकशी करायला आलेला एक भंगारवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "ताई, गाडी म्हणून हिला किंमत न्हाई. लोखंड म्हणून हाय. किलोवर देतो."

तिघांचं बोलणं ऐकताना मला पाठशाळेत ऐकलेला एक दृष्टांत आठवत होता. तो समंतभद्र आचार्यांच्या आप्तमीमांसेतला आहे. सोन्याचा घडा मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घडा हवा होता त्याला दुःख झालं. ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला. ज्याला नुसतं सोनं हवं होतं तो ना हसला ना रडला, कारण सोनं होतं तेवढंच होतं. एकाच क्षणी एक गोष्ट नाहीशी झाली, एक जन्मली आणि एक टिकून राहिली. जे जे आहे त्याला या तिन्ही बाजू असतात, हे त्यातून सांगायचं आहे.

दृष्टांत असा अंगणात उभा राहील, असं कधी वाटलं नव्हतं. वहिनींना घडा हवा होता, भाच्याला मुकुट हवा होता आणि भंगारवाल्याला धातू. वरवर बघितलं तर या तिघांत शहाणा भंगारवालाच ठरेल. त्याला ना मोह ना शोक. गाडी मोडा, वितळवा, त्याचा जीव कशात अडकलेला नाही. कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या फाउंड्र्यांत असं मोडकं पोलाद भट्टीत जातं आणि त्याचा कुठल्यातरी पंपाचा नाहीतर इंजिनाचा भाग होऊन बाहेर पडतं. पोलाद काही नाहीसं होत नाही. मग वहिनींनी एवढं कशाला मनाला लावून घ्यावं?

इथं दृष्टांत नीट वाचायला लागतो. पुष्कळजण तो असा सांगतात, की घड्यावर आणि मुकुटावर जीव टाकणारे अज्ञानी आणि सोन्याकडं बघणारा ज्ञानी. आचार्यांनी असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की तिघांच्या भावनेला कारण आहे. शोक झाला तो उगीच झाला नाही. घडा खरोखरच गेला. आनंद झाला तो भ्रम नाही. मुकुट खरोखरच आला. तिसऱ्याची शांतताही खरी, कारण सोनं खरोखरच उरलं. तिघंही बरोबर आहेत. हे मान्य केलं की "जाऊ दे हो, एक गाडी ती काय" असं वहिनींना म्हणता येत नाही. त्यांचं काहीतरी खरंच नाहीसं होणार होतं.

आणि भंगारवाल्याचा मध्यस्थपणा? शांत असणं आणि किलोवर मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यानं घड्यातून पाणी प्यायलं, मुकुटाची शोभा पाहिली आणि तरी ज्याचा तोल ढळला नाही, त्याचा मध्यस्थपणा कमावलेला. ज्याला घडा कधी दिसलाच नाही, फक्त वजन दिसलं, त्याला मध्यस्थ कसं म्हणावं? भंगारवाल्याला मी दोष देत नाही, त्याचा तो धंदा आहे आणि तो उपयोगाचाही आहे. पण हल्ली आपण सगळेच जरा भंगारवाले झालोय. फोन बदलला, मिक्सर बदलला, फ्रिज बदलला, आणि आपल्याला वाटतं आपला जीव वस्तूत नाही. जीव नाही हे खरं, खरं लोभ सुटला असं नाही. लोभ पुढच्या वस्तूकडं गेलेला असतो.

आता वहिनींच्या "होती तशी"कडं वळू. होती तशी म्हणजे केव्हा होती तशी? १९९७ साली शोरूममधून निघाली तशी, की २०११ साली अण्णांनी शेवटची लावली तशी? अण्णांनीच तिच्यात किती बदल केले होते. टेप बसवला, गावातल्या शिंप्याकडून सीटकव्हरं शिवून घेतली, कर्णा बदलला. भाचा हेच म्हणायचा, "पप्पांनी तरी कुठं तशीच ठेवली होती?" आणि आणखी मागं गेलं, तर झेन हीच मुळात एका जपानी गाडीचं इथल्या रस्त्यांसाठी केलेलं रूपांतर. मूळ म्हणून बोट ठेवावं तिथं आधीचा एक बदल सापडतो.

जपानमध्ये हा प्रश्न खुद्द कारखान्यांनी हातात घेतला आहे. माझदा कंपनीनं २०१७ साली जाहीर केलं, की पहिल्या पिढीची रोडस्टर, म्हणजे १९८९ पासून निघालेली दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार, मालकानं आणून दिली तर कंपनी स्वतः ती मूळ रूपात आणून देईल. त्यासाठी बंद पडलेले सुटे भाग, अगदी लाकडी स्टेअरिंगसुद्धा, पुन्हा बनवायला घेतले. निस्साननं त्याच वर्षी स्कायलाइन जीटी-आरचे जुने भाग पुन्हा विकायला काढले. आपल्याकडंही एक उदाहरण आहे. देशातली पहिली मारुती ८००, डीआयए ६४७९. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते तिच्या किल्ल्या हरपाल सिंग यांना मिळाल्या. ती त्यांनी २०१० साली निधन होईपर्यंत चालवली. नंतर ती दिल्लीत घराबाहेर गंजत पडली. पुढं तिचं काम होऊन ती पहिल्यासारखी झाली आणि कंपनीच्या मुख्यालयात मांडली गेली. चांगलंच झालं. ती गाडी देशाच्या आठवणीतली आहे, तिला १९८३ सालचं रूप शोभतं.

पण घरातल्या गाडीचं मूळ रूप कारखान्याच्या नकाशात नसतं. आमच्या झेनच्या स्टेअरिंगची डावी बाजू अण्णांच्या हातानं घासून गुळगुळीत झाली आहे. ते उजवा हात खिडकीवर टाकून डाव्या हातानं गाडी धरायचे. कारखान्याच्या हिशेबात तो झिजलेला भाग, बदलायचा. वहिनींच्या हिशेबात तेवढाच भाग राखायचा. म्हणजे मूळ दोन प्रकारचं असतं. एक करणाऱ्याचं, एक वापरणाऱ्याचं. करणाऱ्याचं मूळ पुन्हा बनवता येतं, पैसे टाकले की मिळतं. वापरणाऱ्याचं मूळ एकदा काढून टाकलं की संपलं. दुरुस्तीला बसणाऱ्यानं पाना हातात घेण्याआधी एवढा भेद करावा, असं मला वाटतं. गंज वेगळा आणि झीज वेगळी. गंज ही हेळसांडीची खूण, ती काढावी. झीज ही सहवासाची खूण, ती काढताना दोनदा विचार करावा.

जपानचंच आणखी एक उदाहरण आहे. इसे इथलं त्यांचं मोठं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. मागच्या वेळी, २०१३ साली, ते बासष्टाव्यांदा बांधलं गेलं. आपल्याला वाटेल, मग त्यात जुनं काय उरलं? उरली ती सुतारांची विद्या. वीस वर्षांनी काम निघतं म्हणून म्हातारा सुतार तरुणाला शिकवू शकतो. हे वाचताना मला उद्यमबागेतले लेथवाले आठवतात. आमच्या झेनच्या कार्बोरेटरची हवा-पेट्रोलची मिळवणी ज्यांनी केली, ते गृहस्थ सत्तरीला आलेत. स्क्रू-ड्रायव्हर पाव वेढा फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा जरासा मागं. नव्या गाडीला कार्बोरेटर नाही. तिला यंत्र जोडतात, पडद्यावर आकडा येतो. गावातला शेवटचा कार्बोरेटर गेला की तो कानही जाईल. भाच्यानं या रविवारांत गाडी किती वाचवली हे माहीत नाही, त्या कानातलं थोडंसं त्याच्याकडं आलं, हे मात्र मी पाहिलंय.

यावर कुणी रोखठोक विचारेल, की हे सगळं भरल्या पोटाचं नाही का? सव्वा लाखाच्या वर खर्च झाला. बाजारात अशी गाडी चाळीस हजारांना मिळते. नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीची नोंदणी वाढवायची फी सहाशेवरून पाच हजार रुपये झाली होती. शिवाय ही गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे कितीही माया असली तरी झाकता येत नाही. प्रश्न योग्य आहे. आमच्या घरात अशा वेळी परिग्रह हा शब्द निघतोच. तो किती वस्तू आहेत यावर ठरत नाही, वस्तूवर आसक्ती किती यावर ठरतो. एकच गाडी असेल आणि तिच्यावर ओरखडा आला म्हणून माणूस शेजारच्या पोराच्या अंगावर धावून जात असेल, तर तो परिग्रह. भाच्याला मी यावरूनच तपासत होते. वखारीतल्या हमालाचं पोर ग्रीसच्या हातांनी सीटवर चढून बसलं, तेव्हा तो हसला आणि त्याला गिअर कसा टाकतात ते दाखवलं. खर्चाचं म्हणाल तर तो जास्तच झाला. पण त्यातला बराचसा पैसा डेंटर, पेंटर, लेथवाला आणि वायरमन यांच्या घरी गेला, आणि गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघते. धुराचं उत्तर एवढंच, की कमी चालवावी आणि नीट ठेवावी. ते पुरं उत्तर नाही, हे मला कळतं.

आता मुकुटाची बाजू, म्हणजे मोठं इंजिन. कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण कायद्याचं नाव काढलं की भाचा रस्त्याकडं बोट दाखवायचा. कोल्हापूर ते बेळगाव मोकळ्या सायलेन्सरच्या किती गाड्या जातात, त्यांना कोण अडवतं? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कायदा मोडणारे सुटतात म्हणून कायदा चुकीचा ठरत नाही, हे तर झालंच. तरीही कायदा आहे एवढ्यावर माणसाचं समाधान होऊ नये. तो का आहे, हे आपल्याला स्वतःला पटावं लागतं.

आणि इथंच मला दृष्टांताची वेस लागली. घडा, मुकुट, सोनं, या गोष्टीत तीन माणसं आहेत. मोटारीच्या गोष्टीत चौथा माणूस असतो. त्याला ना घडा हवा असतो, ना मुकुट, ना सोनं. तो रस्त्याच्या कडेनं चाललेला असतो. निपाणी सोडून बेळगावकडं निघालं की तवंदीचा घाट लागतो. तिथंच स्तवनिधीचं क्षेत्र आहे. यात्रेकरू चालत येतात. आसपासच्या वाड्यांच्या बायका विड्यांची सुपं, गवताचे भारे घेऊन हमरस्त्याच्या कडेनं जातात. उताराला भरलेले ट्रक, वळणाला दुचाकी. सोन्याचा मुकुट कुणाच्या अंगावर येत नाही. साडेसातशे किलोचा मुकुट येतो. पन्नास अश्वशक्तीसाठी बनवलेले ब्रेक ऐंशीला पुरतील का, हा प्रश्न चालवणाऱ्याच्या धाडसाचा वाटतो. उत्तर चुकलं तर किंमत चौथा देतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून बदल करावा की करू नये, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. नवी सीट घाला, रंग बदला, गाणी ऐका, त्याचं सुखदुःख मालकापुरतं. मागच्या सीटला पट्टे नव्हते, ते बसवले. दिवे उजळ केले, पण समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्यांचा झोत खाली राखला. हे बदलच आहेत, आणि चौथ्याच्याही भल्याचे आहेत. मोकळा सायलेन्सर लावला की मजा एकाची आणि रात्री दोनला जाग अख्ख्या पेठेला. जास्तीची ताकद, तीही तशीच. आनंद आत बसलेल्याचा, धोका बाहेरच्याचा. ज्या बदलाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, तो बदल "माझी गाडी, माझी मर्जी" म्हणून करता येत नाही. मालकी आपल्याला वस्तूवर हक्क देते. रस्त्यावर देत नाही.

हे मी असं मांडून दाखवलं, तेव्हा भाच्यानं ऐकून घेतलं आणि तो गप्प राहिला. पटलं असं नाही. त्याचा हातखंडा होता, की तो स्वतः जपून चालवतो. निकाल लागला तो वहिनींच्या बोलण्यानं. अण्णांच्या पश्चात गाडी वारसाच्या नावावर करायची होती, नमुना ३१ भरून वहिनींच्या नावे. सही करायला त्या बसल्या आणि पेन हातात धरूनच म्हणाल्या, "वन्सं, ह्याला सांगा. कागदावर माझं नाव येणार. घाटात कुणाला लागलं तर पोलीस माझ्या दारात येतील, ते ऱ्हाऊ दे, येऊ देत. खरं ज्याला लागलं, त्याच्या घरात मी काय तोंड घेऊन जाऊ?"

त्या अण्णांच्या आठवणीबद्दल बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या घड्याची बाजू मांडतील. त्यांनी चौथ्याची मांडली. ज्याला आपण भावनेचं माणूस समजून समजूत घालत होतो, त्यानंच सगळ्यांत स्वच्छ विचार केला होता. मालकी म्हणजे काय, तर काही झालं तर कुणाच्या तरी घरी जाऊन उभं राहायची तयारी. भाच्याकडं याचं उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "मग इंजिन जुनंच ऱ्हाऊ दे. ब्रेक सगळे नवे घालतो." त्यानं तेच केलं. स्टेअरिंग राहिलं, डावीकडं गुळगुळीत, तसंच. सीटकव्हरं मात्र त्यानं स्वतःच्या आवडीची शिवली, आणि त्याला वहिनी काही बोलल्या नाहीत.

चिक्कोडीला तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढली. तेवढ्या काळात गाडी भाच्याच्या नावावर होईल, मग कागदावरचं नाव त्याचं असेल आणि ठरवायचं त्यालाच असेल. १३०० सीसीचं ते इंजिन त्यानं विकलेलं नाही. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, वखारीच्या कोपऱ्यात फळीवर ठेवलंय.